बादलीने आंघोळ केल्याने जगाचं पाणी वाचतं का?

मुठाकाठ

दर वर्षी २२ मार्चचा जलदिन जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेच ते निरोप फिरायला लागतात. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवर नको बादली घ्या, पाहुण्याला अर्धाच पेला पाणी द्या. मी हे सगळं करतो, त्यामुळे टोमणा मारत नाहीये. पण आकडे बघितले की वाटतं, आपण नक्की काय करतोय?

जगभरात वर्षाला साधारण ४,००० घन किलोमीटर गोडं पाणी नद्या, तलाव आणि जमिनीखालून उचललं जातं. त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं, वीसेक टक्के कारखाने आणि वीजनिर्मितीला, आणि घरगुती वापर कसाबसा १०-१२ टक्के. भारतात शेतीचा वाटा याहूनही जास्त. त्या १०-१२ टक्क्यांत आठ अब्ज माणसांचं पिणं, रांधणं, धुणं, सगळं आलं. त्यात माझी एक बादली कुठे शोधायची?

तर प्रश्न असा, की घरातली काटकसर खरंच कुठे पोचते की नुसतं मनाचं समाधान? आणि पोचत नसेल तर पोचेल असं काय करता येईल? शेतकऱ्यांवर खापर फोडायचा हेतू नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर चौथ्या प्रतिसादात तेच सुरू होईल.

आगाऊ_कार्टा

चौथ्या कशाला, तिसऱ्यातच करतो. थांबा, आधी आंघोळ करून येतो.

चहाबाज

आमचे चिरंजीव पाणी वाचवायचं म्हणून रविवारी आंघोळच करत नाहीत. जलदिनाला त्यांचा सत्कार ठेवावा काय?

निवृत्त_उपअभियंता

पाटबंधाऱ्यात नोकरी झाली, म्हणून जरा लांबड लावतो. कंटाळा आला तर पुढे सरका.

धागाकर्त्याने दिलेले आकडे पाणी *उचलण्याचे* आहेत. उचललेलं सगळं संपत नाही. घरात आलेल्या पाण्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास सांडपाणी होऊन बाहेर पडतं. पिकाला दिलेल्या पाण्याचा मोठा भाग मात्र पानांतून आणि मातीतून हवेत जातो, तो त्या खोऱ्याला परत मिळत नाही. म्हणून खरोखर खपलेल्या पाण्याचा हिशेब केला तर शेतीचा वाटा ७० च्या बराच वर जातो आणि घरांचा आणखी आक्रसतो.

तुम्ही पुण्यात मुठेकाठी राहता असं नावावरून दिसतंय. तुमची आंघोळ कुठे जाते ते सांगतो. गटारातून मुळा-मुठेत, तिथून भीमेत, भीमेतून उजनीत. तेच पाणी खाली सोलापूरकर पितात आणि शेताला देतात. तेव्हा तुम्ही दोन बादल्या घेतल्या की तीन, याने सोलापूरकराला फारसा फरक पडत नाही. तुमच्या शहराने ते पाणी स्वच्छ करून सोडलं की तसंच काळं सोडलं, याने त्याला भलताच फरक पडतो. दात घासतानाच्या नळावर जितकं बोललं जातं त्याच्या निम्मं तरी मैलापाण्याच्या शुद्धीकरणावर बोललं जावं, असं माझं जुनं दुखणं आहे.

मुठाकाठ

@निवृत्त_उपअभियंता, हा कोन खरंच लक्षात घेतला नव्हता. म्हणजे पुण्यासाठी प्रश्न ‘किती’ हा नसून ‘कसं परत केलं’ हा आहे?

निवृत्त_उपअभियंता

दोन्ही आहे, पण दुसरा जास्त. खडकवासला साखळीची चारही धरणं मिळून २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. त्याच्यावर शहरही आहे आणि दौंड-इंदापूरचा कालवाही. मार्चनंतर शहराने जास्त उचललं की उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, बोंबलतं, ते भांडण दर वर्षी पेपरात वाचत असालच.

लातूरकर

हिशेब बरोबर असेल साहेब, पण ज्याच्या नळाला महिनाभर पाणी आलं नाही त्याला टक्केवारी सांगून बघा.

२०१६ ला आमच्याकडं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. टाक्यांपाशी, टँकर भरायच्या जागी जमावबंदी लावली होती, १४४ कलम. दंगल झाली म्हणून नाही, पाण्यासाठी. आई रात्री दोनला उठून घागरी रांगेत लावून यायची आणि आम्ही भाऊ आळीपाळीनं तिथंच पेंगत बसायचो. भांडी धुतलेलं पाणी फरशी पुसायला, फरशीचं संडासात. एक पाणी तीनदा वापरल्याशिवाय टाकायचं नाही, हे कुणी निबंधात शिकवलं नव्हतं. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, जलदूत एक्स्प्रेस. सुरुवातीला दहा वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर. नंतर ५० वाघिणींची गाडी यायला लागली, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. स्टेशनवर लोक हार घेऊन गेले होते.

तेव्हा बादलीनं फरक पडत नाही असं म्हणू नका. आमच्याकडं तांब्यानं पडत होता.

आगाऊ_कार्टा

वरच्या प्रतिसादानंतर विनोद करायची हिंमत होत नाही. पण त्याच वर्षी आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे लागले होते ना? मैदानाला पाणी कशाला म्हणून कोर्टात गेले होते लोक.

शंकेखोर

हो, मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने बाहेर हलवायला लावले. मला तेव्हाही तो प्रकार थोडा दिखाऊ वाटला होता. मैदानाचं पाणी दिसतं, म्हणून त्याच्यावर बोट. त्याच लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात ऊस उभा होता आणि कारखाने गाळप करत होते, त्याच्यावर किती चर्चा झाली? राज्यात लागवडीखालच्या जमिनीत ऊस चारेक टक्के, आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा ७० टक्क्यांच्या घरात, हा आकडा केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाच्या अहवालांत वर्षानुवर्षं येतोय.

निवृत्त_उपअभियंता

शंकेखोर, एक आकडेमोड करून बघा, कागद-पेन्सिलीचीच आहे. उसाला हंगामभरात २०० ते २५० सेंटिमीटर पाणी लागतं. कमीत कमी म्हणजे २०० धरा. लातूरकडचा पाऊस ७५ सेंटिमीटर धरा, आणि तो सगळाच्या सगळा पिकाला लागू झाला असं उदार मनाने माना. राहिलं सव्वा मीटर, ते विहीर-बोअर-कालव्यातून द्यायचं. एकर म्हणजे ४,००० चौरस मीटरच्या वर थोडं. गुणाकार केला की ५० लाख लिटर येतात.

म्हणजे वर लातूरकरांनी सांगितलेल्या ५० वाघिणींच्या गाडीच्या दोन भरलेल्या खेपा, एका एकराला.

आणि मूळ प्रश्नाचा हिशेब. दहा मिनिटांच्या शॉवरऐवजी बादली घेतली तर दिवसाला साठेक लिटर वाचतील, वर्षाला बावीस हजार. त्या एका एकराएवढं पाणी वाचवायला सव्वादोनशे पुणेकरांनी वर्षभर शॉवर सोडायला हवा.

चहाबाज

सव्वादोनशे पुणेकरांनी एका गोष्टीवर एकमत करणं हेच ऊस बंद करण्यापेक्षा अवघड आहे.

ऊसवाला

झालं सुरू. धागाकर्त्यानं चौथा प्रतिसाद म्हटलं होतं, थोडा उशीर झाला एवढंच.

मी शिरोळ तालुक्यातला. ऊस का लावतो ते एकदा नीट ऐका. तूर लावली तर तूर आल्यावर बाहेरची डाळ आयात. कांदा लावला की निर्यातबंदी. टोमॅटो लावला तर एका वर्षी सोनं आणि दुसऱ्या वर्षी रस्त्यावर ओतायचा. उसाला एफआरपी हाय, कायद्यानं ठरलेला दर हाय, कारखाना तोडून घेऊन जातो. उशिरा का होईना, पैसे बँकेत येतात, त्याच्यावर सोसायटीचं कर्ज मिळतं. मला सांगा, दुसरं कुठलं पीक पोरीच्या लग्नाची तारीख काढू देतं? पाणी जास्त लागतं हे शेतकऱ्याला कळत नाही असं समजू नका. आमच्याकडं पाणी जास्त झाल्यानं जमिनी क्षारपड होऊन बसल्यात, काळ्या रानावर पांढरी बुरशी फुटल्यागत मीठ वर येतं. निचऱ्यासाठी जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून घ्यायला एकरी लई पैसे जातात.

आणि पाणी जास्त का सुटतं? लाईट रात्री येते. कधी अकराला, कधी दोनला. मोटारीला ऑटो लावून माणूस झोपतो. लाईट आली की मोटर आपोआप चालू, सकाळी बघावं तर सरी भरून पाणी वगळीला लागलेलं. दिवसा आठ तास लाईट द्या, निम्मी नासाडी आपोआप थांबते. पाणीपट्टी एकरावर, लिटरवर नाही. कमी पाणी वापरलं म्हणून कुणी माझं बिल कमी करत नाही.

लातूरकर

ऊसवाले भाऊ, तुमच्याकडं कृष्णा-पंचगंगा हाय. तुम्ही ऊस लावला तर आमचं भांडण नाही. आमच्याकडं ८०० फूट बोअर मारून ऊस लावतात, ते बघवत नाही. पाणाड्या येतो, तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरतो, नारळ उभा राहिला की ‘हितं मारा’. धुरळा निघाला की दुसरा पाणाड्या. आमच्या चुलत्यांच्या रानात बोअरची इतकी भोकं हायत की रात्री जाताना काकू म्हणती, बघून पाय टाका.

म्हादयकार

लातूरकर, आमच्या गोव्याची गंमत ऐका. सव्वाशे इंच पाऊस पडतो, जूनमध्ये छत्री उलटी होते, आणि मे महिन्यात वाड्यावर टँकरची वाट बघायची. जांभा दगड चाळणीसारखा, पाऊस आला तसा समुद्रात. पूर्वी भाटात (बागायतीत) पाणी मुरवायला मेरा, म्हणजे बांध घालायचे, झरी साफ ठेवायचे. आता डोंगर कापून व्हिला, आणि प्रत्येक व्हिलाला पोहण्याचा तलाव. कोकणातही हेच चाललंय म्हणतात.

अनुराधा_डोंबिवली

हो हो, माझं माहेर संगमेश्वरचं. पावसाळ्यात अंगणात पाण्याची धार, आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. पण त्या विहिरीच्या पाण्याची चव! आता सगळ्यांकडे ती आरओ मशीनं, पाणी पिताना काही प्यायल्यासारखंच वाटत नाही. आणि एका लिटरमागे तीन लिटर मोरीत. मी ती नळी बादलीत सोडते, लादी पुसायला होतं.

चहाबाज

आरओच्या पाण्याचा चहा बेचव होतो, यावर स्वतंत्र धागा निघायला हवा.

शंकेखोर

चहाबाजांनी विषय वाहवत नेला, पण आरओ हा मुद्दा योग्यच आहे. हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं होतं की ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आहेत तिथे आरओची गरज नाही. धरणाचं गोडं पाणी पिणाऱ्या पुण्या-मुंबईत घरोघर ही यंत्रं कशाला लागतात, देव जाणे.

मूळ विषयाकडे येतो. भूजलाचं काय करायचं? भारत जगात सगळ्यात जास्त भूजल उपसतो, वर्षाला २४० घन किलोमीटरच्या आसपास. अमेरिका आणि चीन मिळूनही इतकं उपसत नाहीत. पंजाबात भाताला मोफत वीज आणि सरकारी खरेदी, मग पाणी खाली जाणारच. २००९ मध्ये तिथे कायदा केला की १० जूनच्या आधी भाताची लावणी करायची नाही, म्हणजे उन्हाळ्यातला उपसा टळेल. टळला थोडा, पण भात उशिरा निघायला लागला, गव्हाच्या पेरणीला दिवस उरेनात, म्हणून पराटी जाळणं वाढलं आणि दिल्लीचा श्वास कोंडला. एक भोक बुजवलं की दुसरं पडतं.

निवृत्त_उपअभियंता

पराटी नव्हे हो, पराटी कापसाची. भाताचं तणस किंवा पेंढा म्हणा.

शंकेखोर

पेंढा तर पेंढा. धूर तोच.

वाळवंटी_वऱ्हाडी

लास व्हेगासहून लिहितोय. मूळ गाव यवतमाळकडे, म्हणजे कोरडेपणा जन्मापासून ओळखीचा आहे.

उपअभियंता काकांनी परत येणाऱ्या पाण्याचा मुद्दा मांडला त्याचं टोकाचं उदाहरण मी रोज जगतो. आमच्या शहरात घरात वापरलेलं जवळपास सगळं पाणी गटारातून शुद्धीकरण केंद्रात आणि तिथून पुन्हा लेक मीड जलाशयात जातं. जेवढं परत केलं तेवढं कोलोरॅडो नदीतून पुन्हा उचलायची मुभा मिळते. म्हणजे इथे मी शॉवरखाली अर्धा तास गाणी म्हटली तरी पाण्याच्या खात्यावर जवळजवळ शून्य. पण अंगणातल्या हिरवळीला दिलेलं पाणी हवेत जातं, ते गेलं ते गेलं. म्हणून इथे पाणीखातं हिरवळ उपटायला चौरस फुटामागे पैसे देतं, आणि २०२१ च्या कायद्याने रस्त्याकडेची, दुभाजकावरची, नुसती बघायची हिरवळ बंद करायची ठरवलीय. शॉवरवर कुणी पोलिस ठेवलेला नाही.

तरीही २०२२ च्या उन्हाळ्यात लेक मीड इतका खाली गेला की बुडालेल्या होड्या वर दिसायला लागल्या. कारण शहर नाहीच. १९२२ मध्ये सात राज्यांनी नदी वाटून घेतली तेव्हा नेमकी ओली वर्षं चालली होती, त्यामुळे नदीत नसलेलं पाणीही कागदावर वाटलं गेलं. त्यात सगळ्यात मोठे गिऱ्हाईक गाईगुरांचा चारा, अल्फाल्फा. वाळवंटात पिकवायचा, गठ्ठे बांधायचे आणि काही जहाजात भरून सौदी आणि चीनला पाठवायचा. नदी स्वतः समुद्रापर्यंत क्वचितच पोचते.

आणखी एक. टी-शर्टाला २,७०० लिटर, किलोभर तांदळाला २,५०० लिटर असे आकडे फिरतात ना, ते वाचताना कुठलं पाणी ते विचारा. आमच्याकडचा कापूस बहुतेक कोरडवाहू. त्याच्या टी-शर्टाचं पाणी आभाळातून पडलेलं, तिथे कापूस नसता तर गवताने प्यायलं असतं. उझबेकिस्तानच्या कापसासाठी मात्र आमूदर्या आणि सिरदर्या वळवल्या, आणि जगातलं चौथं मोठं सरोवर, अरल समुद्र, साठ वर्षांत वाळूचं रान झालं. लेबलावर दोन्ही टी-शर्ट सारखेच.

अनुराधा_डोंबिवली

वऱ्हाडी, हे पटलं. म्हणजे कोकणातला पावसावरचा भात खाल्ला तर पाप नाही, पंजाबचा उपशावरचा बासमती खाल्ला तर आहे?

वाळवंटी_वऱ्हाडी

पापपुण्याचा हिशेब तुम्ही करा ताई, पाण्याचा तसाच निघतो. आणि जगातल्या तांदळाच्या व्यापारातला सुमारे ४० टक्के तांदूळ भारत विकतो. त्याच्यातून आपण भूजलच पाठवत असतो, पोत्यात भरून.

शंकेखोर

सौदीने उलटं केलं. वाळवंटात खोल भूजल उपसून गहू पिकवला, नव्वदच्या सुमारास निर्यातही करत होते. मग पाणी संपत आलं तेव्हा शहाणपण सुचलं. २००८ पासून सरकारी खरेदी कमी करत आणली, २०१६ ला बंद, आणि गहू बाहेरून आणायला लागले. तेलाचा पैसा होता म्हणून जमलं.

आगाऊ_कार्टा

म्हणजे सौदीने गहू बंद केला आणि तिकडे अमेरिकेतल्या ॲरिझोनात चारा लावला. पाणी दुसऱ्याचं असलं की शेती परवडते.

मुठाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतोय. मग उत्तर ठिबक का? इस्रायलसारखं? तिथे सांडपाण्यातलं जवळजवळ ९० टक्के शुद्ध करून शेतीला देतात म्हणे.

ऊसवाला

ठिबकाचं मी सांगतो. केलं मी. पाच फुटाची सरी, नळ्या पसरल्या, खतसुद्धा नळीतनंच. पाणी निम्म्यावर आलं, उतारा वाढला, तण कमी. अनुदान मिळायला दोन वर्षं लागली तो भाग वेगळा. मग विहिरीत पाणी उरायला लागलं. उरल्यावर काय करणार? शेजारचं एकर जिराईत पडलं होतं, तेबी उसाखाली आणलं. आता विहीर पूर्वीइतकीच आटती. माझा फायदा झाला, विहिरीचा नाही झाला.

निवृत्त_उपअभियंता

ऊसवाले, तुम्ही दोन ओळींत जे लिहिलं तेच जगभरच्या जलतज्ज्ञांनी शोधनिबंधांत लिहून ठेवलंय. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये अशाच विरोधाभासावर लेख आला होता. शेतात बचत होते, खोऱ्यात होत नाही. कारण पूर्वी सरीतून झिरपलेलं पाणी खालच्या विहिरीला मिळायचं, तेही आता तुमच्याच पिकातून उडून जातं. ठिबक चांगलंच आहे, पण वाचलेलं पाणी कुणाचं हे आधी ठरलं नसेल तर ते जवळच्या पंपाचं होतं.

सासवडची_सून

मी इथे फक्त वाचक असते, पण हा मुद्दा निघाला म्हणून लिहिते.

आमच्या पुरंदर तालुक्यात याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी दिलं होतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे इंजिनिअर नायगावला येऊन राहिले. पुण्यात चांगला कारखाना होता त्यांचा. देवस्थानची ओसाड जमीन कराराने घेतली, नाले अडवले, पाणलोट करून दाखवला, आणि मग पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या हिशेबाने मिळणार नाही, माणसांच्या हिशेबाने मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. कुणाची पन्नास एकर असली तरी अडीचच. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. पाणी वाटायला गावानेच नेमलेला पाटकरी.

माझ्या सासऱ्यांचा अशाच एका योजनेत वाटा होता. ते सांगायचे, की पाटकऱ्याकडे पाळीची वही असायची, आणि मोठा बागायतदार असो की मजूर, पाळी आली तर पाणी, नाही आली तर बांधावर बसून राहा. एकदा गावातल्या एका वजनदार माणसाने रात्री पाटाचं दार फोडून पाणी घेतलं, तर पुढच्या बैठकीत त्याची पाळी कापली. पोलिस नाही, कोर्ट नाही. पुढे आमच्याकडची उपसा योजना वीजबिल थकून बंद पडली आणि आता तिथे ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी.

लातूरकर

ताई, हे नियम आमच्या गावात वाचून दाखवले तर वाचणाऱ्याला पाणी पाजतील. पण खरं हाय. हिवरे बाजारला पण असंच हाय ना, पोपटराव पवारांचं? ग्रामसभेत दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, किती पाऊस झाला त्याच्यावर रब्बीत काय लावायचं ते ठरतं. शेतीसाठी बोअर मारायलाच बंदी.

शंकेखोर

एका गावात जमतं, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. खोऱ्याच्या पातळीवर? २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम आहे. वरच्या धरणांनी तुटीच्या वर्षी खालच्या धरणाला पाणी सोडायचं. तरी दर दुष्काळात नाशिक-नगर विरुद्ध जायकवाडी, कोर्टकचेऱ्या, मोर्चे, आणि पाणी खाली पोचेपर्यंत बरंच नदीपात्रातच मुरतं. कुठल्या पक्षाच्या नेत्यांनी काय

संपादक

पुढचा मजकूर काढला आहे. पाण्यावरच बोला.

आगाऊ_कार्टा

संपादकांनी दार बंद केलं, आवर्तन संपलं.

टेबल_माउंटन

जहाजावर असतो, पण २०१७-१८ मध्ये काही महिने केपटाऊनला मुक्काम होता. धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाला थेट उत्तर तिथे मिळालं, म्हणून लिहितो.

तीन वर्षं पाऊस कमी झाला आणि शहराने जाहीर केलं, अमुक तारखेला नळ बंद करू, त्या दिवसाला नाव दिलं ‘डे झीरो’. १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटर. आपल्याकडे शहराचं प्रमाण १३५ धरतात, गावाचं ५५, त्यावरून अंदाज करा. हॉटेलात बाथटबचं बूच काढून घेतलेलं. शॉवर दोन मिनिटं, पायाशी बादली, ते पाणी संडासात. कुठलं घर मर्यादेत पाणी वापरतंय याचा नकाशाच शहराने नेटवर टाकला होता, अशा घरांवर हिरवे ठिपके. शेजारीपाजारी बघायचे. काही वर्षांपूर्वी जेवढं पाणी लागायचं त्याच्या निम्म्याखाली शहर आलं. नळ बंद करायची वेळ आली नाही.

पण दोन गोष्टी त्याच्यासोबत झाल्या. शेतीचा कोटा आधीच कापला होता, आणि फेब्रुवारीत एका भागातल्या शेतकऱ्यांच्या संघाने आपल्या खासगी धरणातलं सुमारे १,००० कोटी लिटर पाणी शहराला सोडलं. शिवाय झोपडवस्तीतले लोक तर आधीपासूनच सार्वजनिक नळावर रांगेत उभे होते, त्यांना डे झीरोचं काय कौतुक? कमी केलं ते हिरवळ आणि पोहण्याचा तलाव असलेल्यांनी.

लातूरकर

रांगेतल्यांना काय कौतुक, हे बरोबर बोललात.

मुठाकाठ

मला आता प्रश्न वेगळा दिसायला लागलाय. जगाचं पाणी म्हणून एक टाकी नाहीच. माझ्या बादलीने लातूर भरत नाही आणि लातूरच्या तांब्याने केपटाऊन. माझं पाणी खडकवासल्याचं, आणि त्याच्यावर माझ्याखेरीज दौंड, इंदापूर, सोलापूर बसलेत. मग मी नळ बंद केला तर ते पाणी त्यांना पोचेल अशी काही व्यवस्था आहे का?

निवृत्त_उपअभियंता

आपोआप पोचत नाही. शहराने कमी उचललं तर धरणात उरतं, आणि उरलेलं कालव्याला सोडलं तर पोचतं. मधे नवी इमारत उभी राहिली की तेच पाणी तिच्या टाकीत. म्हणून शहराचा कोटा पक्का हवा आणि त्याच्या बदल्यात शुद्ध केलेलं सांडपाणी शेतीला मिळायला हवं. तुमच्या हातातलं विचाराल तर दोन कामं. सोसायटीत प्रत्येक घराला वेगळा मीटर. आणि इमारतीचं सांडपाणी केंद्र चालू आहे का, ते जाऊन बघा. नुसतं विचारू नका, बघा.

मुठाकाठ

बघितलं आहे. बिल्डरने केंद्र बांधून दिलं, पूर्णत्वाचा दाखला मिळाला, आणि टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद. वास येतो म्हणून सभासदांनीच बंद ठेवायला लावलाय. शुद्ध पाणी बागेला आणि फ्लशला जायचं होतं, तिथे टँकरचं पाणी जातं. दर सभेत विषय निघतो आणि पार्किंगवर संपतो.

अनुराधा_डोंबिवली

वास येतो तो बंद ठेवल्यामुळेच. हवा मिळाली नाही की जिवाणू मरतात आणि टाकी सडते. आमच्याकडे चालवणारा माणूस बदलला, ब्लोअर चोवीस तास चालू ठेवला, पंधरवड्यात वास गेला. विजेचं बिल वाढतं, पण टँकर कमी होतात. सभेत दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवा, लोक बरोबर बघतात.

मुठाकाठ

हे करतो. पुढच्या सभेची नोटीस निघायचीच आहे, विषय क्रमांक एकवर घालतो, पार्किंगच्या आधी.

ऊसवाला

पुणेकर, ते केंद्र चालू झालं की शिल्लक पाणी कुठं सोडणार ते कळवा. इकडं नको, आमच्याकडं आधीच जास्त झालंय. इंदापूरवाल्यांना विचारा.

आणि उपअभियंता साहेब, पाणीपट्टी लिटरवर आली तर मोजायचा मीटर शेतात टिकतो का? आमच्याकडं विहिरीवरची मोटर चोरीला जाती, मीटर कोण ठेवतंय?

निवृत्त_उपअभियंता

वैयक्तिक मीटर टिकत नाही. म्हणून चारीच्या मुखाशी मोजून पाणीवापर संस्थेला घाऊक द्यायचं, आत वाटप संस्थेने करायचं, अशी कायद्यात सोय आहे. २००५ सालचाच दुसरा कायदा. नाशिककडे वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या संस्था अख्खं धरण चालवतात, एकदा जाऊन या. द्राक्षवाले आहेत, पाहुणचार चांगला करतात.

ऊसवाला

द्राक्षाचं म्हणताय म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतच जावं लागंल. त्या वेळी आमची तोड चालू असती. बघू, टोळी लवकर मोकळी झाली तर.